सापळ्यातले पतंग

खुंटीला अडकवलेल्या पन्नीच्या पिशवीत काहीतरी फडफडलं. नागपूरच्या दवाखान्यातून येणाऱ्या फोनची वाट होती, म्हणून तेवढी फडफडही मोठी वाटली.

दीपा लेकीचा काचेचा डोळा वाटीतल्या कोमट पाण्यात धूत होती. डोळा गरकन फिरला आणि तिच्याकडे बघत थांबला.

"मेले नाई का जी ते अजून?" तिने नवऱ्याला विचारलं.

अतुलने पिशवी जमिनीवर झटकली. कपाशीच्या पऱ्हाटीत लावलेल्या सापळ्यातले ते राखाडी पतंग. त्याने बोटाने एकेक बाजूला सारला. "अकरा. आठाच्या वर गेले का समजाचं, बोंडात अळी शिरली. वरून पाह्यशीन तं एका बोंडाले डाग नाई."

वैशू उकिडवी बसून एका डोळ्याने बघत होती. पाच वर्षांची. "माह्या रगतात बी हेच मोजतात न, बाबा?"

अतुलनेच तिला तसं सांगितलं होतं. सुई बघून ती दवाखाना डोक्यावर घ्यायची. म्हणून म्हणाला होता, तुह्या रगतात सापळा लावतात व बाई, किती सापडले तेवढं मोजतात. तेव्हापासून ती न रडता हात पुढे करायची.

फोन वाजला. दीपाचे हात ओले. तिने कोपराने स्पीकर लावला.

"वैष्णवीची आई ना? तिचा उजवा डोळा तपासणीत अगदी स्वच्छ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण रक्तात, डाव्या डोळ्यासोबत काढली त्या कॅन्सरच्या गाठीची खूण सापडलीय. मागच्या वेळी नव्हती. सोमवारी घेऊन या."

फोन बंद झाला. एक पतंग उठला, भेलकांडत आला आणि वाटीच्या काठावर बसला. दीपाने त्याला हाकललं नाही. डोळा पदराने टिपला, वैशूची पापणी उचलून हलकेच आत बसवला. मग केसांवरून हात फिरवला, दोनदा, तीनदा.

वैशूने मान वर केली. दोन्ही डोळे आईवर रोखलेले. त्यातला बघतो कोणता, हे क्षणभर दीपालाही कळेना.

"आई, डोळ्यात नाई म्हणते ते बाई. मंग हे येऊन कुठून राह्यले?"