विमानतळापासून किती तास

बायकोच्या, दुर्गाच्या पत्राला सात महिने झाले, तरी मच्छिंद्रने उत्तर पाठवलं नव्हतं. पत्र आधी कंपनीच्या कतारमधल्या पोस्टबॉक्सात आलं, तिथून ऑफिसात आणि मग इंडस्ट्रियल एरियातल्या त्याच्या स्टोअरच्या खिडकीवर. आता ते उशाजवळच्या पुस्तकात खूण म्हणून राहिलं होतं. जेमतेम अर्ध्या पानाचं.

"दिराच्या घरात आता माझ्यानं होत नाही. शहरात दोन खोल्या घेऊ. अकोला का अमरावती, तुम्ही सांगाल तिथं. हे फोनवर बोलू नका. फोन सगळ्या घरासमोर घ्यावा लागते. पत्र लिहा."

दर शुक्रवारी फोन होई. तो तिच्या गुडघ्यांचं विचारी, ती कतारच्या उन्हाचं. पत्राचं नाव कोणीच काढत नसे.

आपण अकोला म्हटलं आणि तिथं पाण्याचे हाल झाले तर? अमरावती म्हटलं आणि तिचा जीव रमला नाही तर? साठीला आलेल्या माणसाला एवढंही ठरवता येऊ नये, याची त्याची त्यालाच लाज वाटे. शेवटी स्टोअरकीपरने करावं तेच त्याने केलं. एक वही आखली. डावीकडे अकोला, उजवीकडे अमरावती. वऱ्हाडातला जो कोणी भेटेल, त्याला विचारून तो टिपून ठेवू लागला.

त्या शुक्रवारी दुपारची जेवणं झाली होती. खोलीत त्याच्याबरोबर दोघे राहत. सुरज अमरावतीचा, डंपर चालवायचा. जैद अकोल्याचा, एसी दुरुस्त करायचा. मच्छिंद्रच्या हातात सदा पुस्तक, म्हणून दोघंही त्याला मास्तर म्हणत.

"लिहा मास्तर," सुरज म्हणाला, "अकोल्यात पानी चार-पाच दिवसांनी येते. अन् ऊन तर इचारूच नका. अकोल्याचा मानूस कतारात उतरला का स्वेटर घालते."

"हाव ना," जैद पडल्या पडल्या म्हणाला. "म्हनूनच आमी टिकलो. तुमच्या अमरावतीचे पोट्टे पयल्याच जूनमधी रडत घरी गेले."

"आमच्याकडं आता विमान उतरते बाप्पा, विमान!"

"उतरते. पन त्यात बसनारा तू पाह्यला का कोनी?"

मच्छिंद्रने मान खाली घालून उजव्या बाजूला 'विमान' असं लिहून घेतलं.

ते जैदने पाहिलं. तो उठून बसला. "आना हिकडं," म्हणत त्याने वही ओढली आणि मोठ्याने वाचू लागला, "विमानतळापासून किती तास. परदेशातून आलेले पैसे काढायची बँक किती लांब. जड सामान घेऊन उतरल्यावर ऑटो मिळतो का. दीड महिन्यात कामं उरकतात का..."

वाचता वाचता त्याचा आवाज उतरला.

"मास्तर, तुमाले वापस येनं हाय का अठी?"

"नाही. मार्चात खलास. कायमचं."

"मंग विमानतळ पयल्या नंबरवर काऊन?"

मच्छिंद्रने पेनाला टोपण लावलं.

"वहिनीले सांगतलं का, मार्चात येता म्हनून?" सुरजने विचारलं.

"गाव ठरलं की सांगीन म्हनतो."

"अन् तिले कोनतं आवडते?"

दुर्गाने अमरावती कधी पाहिली आहे की नाही, हे तो आठवू लागला. आठवण्यासारखं काही नव्हतंच. त्याला ते कधी माहीतच नव्हतं.

जैदने वही मिटून हळूच त्याच्या कॉटवर ठेवली. पुढं कोणी थट्टा केली नाही. सुरज चहा टाकायला उठला. मच्छिंद्रने वही पुन्हा उघडली. दुर्गा भाजी कुठून आणेल, संध्याकाळी कोणाच्या दारात बसेल, असं एकाही ओळीत नव्हतं. कतारात येऊन चोवीस वर्षं झाली होती. दर दोन वर्षांनी दीड महिन्याची सुट्टी. त्याने मनातल्या मनात बेरीज केली. आपला संसार अठरा महिन्यांचा.

चहा गार झाला, तोवर दोन कागद फाडून झाले होते. तिसऱ्यावर चार ओळी उतरल्या.

"दुर्गास, गाव मला ठरवता येत नाही. मी मार्चमध्ये कायमचा येतो आहे. दोन्ही गावं तू मला दाखव. उत्तराला उशीर झाला, रागावू नको."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत जैदने पिकअपमधून त्याला पोस्टाच्या दारात सोडलं. रांगेत उभ्या उभ्या त्याने पाकीट दोनदा खिशात घातलं आणि दोनदा बाहेर काढलं.

"व्हॉट्सॲप नहीं है क्या, चाचा?" खिडकीपलीकडचा मल्याळी क्लार्क हसून म्हणाला.

"है."

"भेजनेवाले का पता नहीं लिखा. पीओ बॉक्स?"

मच्छिंद्रने पेन घेतलं. सवयीने कंपनीच्या बॉक्सचे दोन आकडे लिहून झाले. मग हात थांबला. त्याने ते खोडले आणि मूर्तिजापूर तालुक्यातल्या आपल्या गावाचा पत्ता, पुढच्या बाजूला लिहिला होता तसाच, सावकाश मागे लिहिला.

क्लार्कने पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"चाचा, दोनों तरफ एक ही पता है. लौट आया तो जाएगा कहाँ?"

"वहीं," मच्छिंद्र म्हणाला.

क्लार्कने खांदे उडवले आणि शिक्का मारला.