हेर लांगेंचा इंडिकेटर

जर्मनीतल्या येना शहरात पीएचडी करणाऱ्या नीलिमाच्या खालच्या मजल्यावर ऐंशी वर्षांचे हेर, म्हणजे श्रीयुत, लांगे राहायचे. त्यांच्या जुन्या गाडीचा इंडिकेटर हाताने बंद करावा लागे आणि ते हमखास विसरत. मागचे गोंधळून हॉर्न वाजवत. शेवटी त्यांच्या मुलीने निक्षून सांगितलं, "पपा, आता गाडी विकायची!"

म्हाताऱ्याचा पडलेला चेहरा नीलिमाला बघवेना. तिने डॅशबोर्डखाली आर्डुइनोचं एक छोटंसं इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवलं. वीस सेकंद झाली की इंडिकेटर आपला आपण बंद! मुलगी निवळली, गाडी वाचली.

आठवड्याने हेर लांगेंच्या पत्नी, फ्राऊ लांगे, केक घेऊन वर आल्या आणि हळूच म्हणाल्या, "पोरी, दिवसातून एकदा तरी तो चालूच राहील असं काही कर ना! शेजारी बसून यांच्यावर ओरडायला मला काही उरलंच नाही बघ."