गावातली नोकरी

पुण्याच्या कॉलेजात मृदुलाला ॲनिमेशनसाठी प्रवेश मिळाला होता. त्याच महिन्यात गडहिंग्लजमध्ये मोफत ॲनिमेशन प्रशिक्षण सुरू झालं आणि वडील म्हणाले, “इथंच शीक. गावात नोकरी नाही लागली, तर पुण्याला पाठवतो. माझा शब्द.”

सहा महिने ती वर्गात सगळ्यांच्या पुढे होती. शेवटच्या परीक्षेतून गावातलाच एक स्टुडिओ मुलं निवडणार होता. त्या दिवशी ती तीन तास कॉम्प्युटरसमोर नुसती बसून राहिली आणि कोरी फाइल देऊन घरी आली. पलंगाखालची बॅग काढून तिने पुसली.

संध्याकाळी तिच्या वर्गाला शिकवणारे सावर्डेकर सर स्वतः घरी आले.

“पोरगी घाबरली असणार,” ते वडिलांना म्हणाले. “मी तिची आधीची कामं दाखवली स्टुडिओवाल्यांना. एवढी गुणी मुलगी, वाया कशी जाऊ द्यायची?” आणि त्यांनी नेमणुकीचं पत्र वडिलांच्या हातात ठेवलं.

वडिलांनी ते दोनदा वाचलं. त्यांचे डोळे भरून आले.

“सरांच्या पाया पड, बाळ.”

ती वाकली. सरांनी पाठीवर हात ठेवला, तरी तिला उठवेना.