पुन्हा येऊ, सहकुटुंब

या, असे पुढे सरका. भिंतीला टेकू नका, झोप लागेल. गोष्ट छोटी आहे, हसायला मुभा आहे. शेवटी एक मागणं मागेन, तेवढं मात्र ऐकून उठा.

उद्धवरावांच्या एका गालावर अजून साबण होता. तेवढ्यात त्यांचा मुलगा अनुप दुकानात शिरला, त्याने धोंडीबा न्हाव्याच्या हातातला वस्तरा बाजूला ठेवला आणि तिथे मोबाइल दिला.

"काका, धंदा आता याच्यावर चालते. नेरडीगोंड्यात जवळचं सलून शोधलं तर तुमी दिसतच नाई. म्हणजे तुमी नाईच."

धोंडीबाने समोरच्या आरशात पाहिलं. तो होता.

गिऱ्हाईक मात्र नव्हतं, हे खरं. हायवेला काचेचं, थंड हवेचं सलून निघालं आणि पोरं तिकडे वळली. दिवाळीपर्यंत दुकान सावरलं नाही, तर मंचेरियलला दुसऱ्याच्या दुकानात हाताखाली उभं राहायचं, असं धोंडीबाने बायकोला सांगून टाकलं होतं.

अनुप हैदराबादहून सलूनवाल्यांना गिऱ्हाईक मिळवून देण्याची विद्या शिकून आला होता. विद्या सोपी होती. खुर्चीतून उठणाऱ्याचा फोटो काढायचा आणि त्याच्याकडून पाच स्टार घ्यायचे. सोबत एक ओळ टाकायची. ती अनुपने तयारच ठेवली होती: 'फार छान अनुभव. पुन्हा येऊ, सहकुटुंब.' शिवाय प्रत्येकाचा नंबर भरून ठेवायचा. जो पंधरा दिवस फिरकला नाही, त्याला सिस्टीम आपोआप निरोप धाडेल.

उद्धवराव निवृत्त मास्तर. भजनी मंडळात पखवाज त्यांचा. एका गुरुवाराआड सकाळी ते याच खुर्चीत असायचे.

"नंबर घे माझा," ते साबणातून म्हणाले. "स्टारगिर मी देत नाई. अन् पुन्हा येईन म्हणून लिहून काऊन देऊ? येतोच न मी."

"बाबा, लोकांचा विश्वास बसाले पायजे."

"कोण्या लोकांचा? ज्याले धोंडीबा लागते, त्याले तो सापडतेच."

सिस्टीमने यावर काही मत दिलं नाही.

त्याच महिन्यात तहसील कचेरीतल्या जयदीपचे वडील वारले. दहाव्याला नदीवर घरच्या सगळ्या पुरुषांचं मुंडण धोंडीबाने केलं. मग शिकवल्याप्रमाणे फोटो काढले, ज्याच्या त्याच्या मोबाइलवर ओळ पाठवली आणि "इथं दाबा, मालक," म्हणाला. दुःखातला माणूस वाचत बसत नाही. दाबा म्हटलं तिथे त्यांनी दाबलं. पिंडाला कावळा शिवायच्या आत धोंडीबाला घरभराचे पाच-पाच स्टार पडले. ओळीने चकाकणारी डोकी, आणि प्रत्येक डोक्याखाली: फार छान अनुभव. पुन्हा येऊ, सहकुटुंब.

नव्या फॅशनचा कट शोधणाऱ्या पोरांनी ते पाहिलं आणि काचेचं सलून गाठलं. अनुप मात्र खूश. "काका, तुमी एक नंबरवर आले."

घरी गेल्यावर उद्धवरावांनी त्याला समोर बसवलं. "अरे, सुतकाच्या घरून निघताना माणूस 'येतो' म्हणत नाई. मुकाट्यानं उठून जाते. अन् तू त्या अख्ख्या घराकडून 'पुन्हा येऊ' लिहून घेतलं?"

"सिस्टीमले सुतक नसते, बाबा."

पुढे एका संध्याकाळी, हरिपाठ चालू असताना, उद्धवरावांचा हात पखवाजावरच थांबला. टाळ वाजत राहिले. हात पुन्हा उचलला गेला नाही.

दहाव्याला अनुप नदीकाठी पाटावर बसला. धोंडीबा मोबाइल घरी ठेवून आला होता. त्याने डोक्याला पाणी लावलं, वस्तरा फिरवला. शेवटची बट खाली पडली आणि बाजूच्या पिशवीत फोन वाजला. तो उद्धवरावांचा होता. सांत्वनाचे फोन त्यावर येत, म्हणून अनुपने जवळ ठेवलेला.

फोनवर निरोप होता. शब्द अनुपचेच होते.

'उद्धवराव, पंधरा दिवस झाले, तुम्ही आला नाहीत. धोंडीबा तुमची वाट पाहतो आहे.'

अनुपने फोन पुढे केला. "काका, मी हे बंद करतो. आत्ताच करतो."

धोंडीबाने निरोप वाचला. वस्तरा पुसत पुसत म्हणाला, "राहू द्या, अनुपभाऊ. तुमच्या सिस्टीमनं पयल्यांदाच खरं लिहिलं."

अनुप त्या अक्षरांकडे पाहत राहिला. मग सुतकात कोणी तोंडातून काढत नाही तो शब्द त्याने वडिलांच्या फोनवरून लिहिला आणि पाठवला. येतो.

सुतक फिटल्यावर गुरुवारी सकाळी गुळगुळीत डोक्याने तो त्या खुर्चीत जाऊन बसला. कापण्याजोगं काही नव्हतं. धोंडीबाने अंगावर कापड टाकलं, मानेला पावडर लावली, चहा मागवला. पुढेही तो येत राहिला. त्याला भेटायला येणारी पोरं बाकावर टेकू लागली, आणि न्हाव्याच्या बाकावर टेकलेला माणूस दाढी केल्याशिवाय उठत नाही. धोंडीबाची दिवाळी नेरडीगोंड्यातच झाली.

मागणं एवढंच, मायबाप. निघताना कोणी 'पुन्हा या' म्हटलं आणि तुम्ही 'हो' म्हणालात, तर घडीभर उद्धवरावांना आठवा. त्यांनी त्या दुकानाला एकही स्टार दिला नाही. गुरुवारी खुर्ची मात्र त्यांच्याच नावाने भरते.