गीत-संगीत: पारंपरिक

हे लिहिणारच नव्हतो. शेवटी नावं बदलली आणि बसलो.

नयनाने सही करायला पेन उघडलं, तेव्हा चारुदत्तला वाटलं, जिंकलो. दोन वर्षं तो या क्षणासाठी भांडत होता. लखनौच्या इंदिरा नगरात नळाला तासभरच पाणी यायचं, त्यावर नयनाने हिंदीत एक खट्याळ गाणं रचलं होतं. शब्द तिचे, चालही तिची. चारुदत्तने ते मराठी मंडळाच्या गणपतीत म्हटलं. अमीनाबादच्या रस्तोगीजींनी त्याच्याकडून गाऊन घेऊन कॅसेट काढली. वर छापलं: स्वर चारुदत्त, गीत-संगीत पारंपरिक.

कॅसेट तुफान चालली. त्या गाण्याशिवाय लखनौत वरात पुढे सरकेना. चारुदत्त मात्र दर महिन्याला रस्तोगीजींच्या दुकानात जाऊन वाद घालायचा, नयनाचं नाव छापा म्हणून. पत्रं लिहिली, चांगली अकरा. रस्तोगीजी तोंडातलं पान सांभाळत एवढंच म्हणायचे, "साबित कीजिए, बरखुरदार."

आणि आज तेच रस्तोगीजी मिठाईचा डबा घेऊन नयनाच्या घरी बसले होते. मुंबईच्या एका सिनेमावाल्याला गाणं हवं होतं. पण सगळ्यांचं गाणं विकता येत नाही, विकायला आधी मालक लागतो. म्हणून आता नयना मालक. कॅसेटवर तिचं नाव येणार, सिनेमाच्या पडद्यावरही येणार. तिने फक्त सगळे हक्क रस्तोगीजींच्या कॅसेट कंपनीला लिहून द्यायचे. नयनाची आई तर चहा ठेवतानाच डोळे पुसत होती.

नयनाने स्टँपपेपर शेवटपर्यंत वाचला. मग विचारलं, परवानगीशिवाय कुणी वाजवायचं नाही, म्हणजे नेमकं कुणी? रस्तोगीजींनी मोकळेपणाने सांगितलं. बँडवाले, ऑर्केस्ट्रा, तुमचं मंडळ, सगळेच. नोटिसा टाइप होऊन तयार आहेत, पहिल्या आलमबागच्या बँडवाल्यांना जातील. तुम्हाला काय त्याचं, बिटिया, तुम्ही तर मशहूर होणार.

नयनाने पेनचं टोपण लावलं.

"आपने पहले ही सही छापा था, रस्तोगीजी. ये पारंपरिक है. मेरा है कहते हैं, तो साबित कीजिए."

रस्तोगीजी हसले. मग हसायचे थांबले. त्यांनी बॅगेतून चारुदत्तची अकराच्या अकरा पत्रं काढून टेबलावर पसरली. प्रत्येकात त्याच्याच अक्षरात लिहिलेलं, हे गाणं नयनाने रचलं, माझ्यासमोर रचलं. आता बोला, ते चारुदत्तला म्हणाले.

चारुदत्तने पत्रांकडे पाहिलं. याहून खरं त्याने जन्मात काही लिहिलं नव्हतं. दोन वर्षं घसा कोरडा करून हेच तर तो सांगत आला होता. नयना त्याच्याकडे बघत नव्हती. तिच्या मुठीत ते पेन तेवढं घट्ट होतं.

"झूठ लिखा था," तो म्हणाला. "लड़की पर इम्प्रेशन मारने के लिए."

रस्तोगीजी उठले. जाताना मिठाईचा डबाही घेऊन गेले. नयनाची आई आत गेली, आणि मग बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला.

ती दोघं बाहेर पायरीवर येऊन बसली. नयना थोडी रडली, थोडी हसली. पडद्यावर नाव कसं दिसलं असतं यार, म्हणाली.

"चारू, पुढे कधी मीच फुटले तर?" तिने विचारलं. "म्हातारपणी वगैरे. चारचौघांत म्हणाले, की हे माझं गाणं आहे?"

"तर चारचौघांतच सांगेन, आजीबाई, खोटं बोलू नका," चारुदत्त म्हणाला. "वचन."