भरतीला सोडलेली बाहुली

या सहलीत आशाबाईंना मिळायचा होता एक नातू. बदल्यात समुद्राला द्यायची होती एक बाहुली, आणि तीही स्वतःची नाही, खुशीची. इतका स्वस्त सौदा भगवंतरावांनी चाळीस वर्षं आडतीवर वांगी विकून कधी पाहिला नव्हता.

सकाळचे अकरा वाजले होते. आजी, आजोबा आणि सहा वर्षांची नात, तिघं अलिबागच्या पुढच्या एका किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभी होती.

"सोड खुशी. चिमीले आंघोळ घालाची आहे," आशाबाई म्हणाल्या.

खुशीनं आपल्या बाहुलीला, चिमीला, पाण्यात ठेवलं. लगेच दोघांनी तिचे दोन हात धरले, पाठ फिरवली आणि ताठ मानेनं वाळू तुडवत निघाले. मागे पाहायचं नाही, असं देवमननं बजावलं होतं.

देवमन म्हणजे गावातला बाहेरचं, भूतबाधा-करणी पाहणारा माणूस. धाकटी सून दामिनी, खुशीची आई, बाळंतपणाला अकोल्याला माहेरी गेली, तिचे दिवस भरायला अजून तीन आठवडे होते, तेव्हा या दोघांनी त्याचं दार गाठलं. पोटातलं पोर जे काय असेल ते आठ महिन्यांपूर्वीच ठरून बसलेलं. पण कपाशीची पऱ्हाटी कमरेला लागल्यावर बियाणं बदलून मागणारी ही माणसं. देवमननं सांगितलं, पहिल्या पोरीनं आपल्या हातानं जिवाची बाहुली खाऱ्या पाण्यात सोडावी. पाण्यानं नेली की पोरगाच. "कौंडण्यपूरले वर्धा आहे न घरापाशी," भगवंतरावांनी खर्चाच्या भीतीनं विचारून पाहिलं. "वर्धा गोडी आहे," देवमन म्हणाला. मग चांदूर रेल्वेच्या फलाटापर्यंत भेटेल त्याला भगवंतरावांनी ऐकवलं, "नातीले समुद्र दाखवून आणतो. पोरीची लय हौस आहे." हौस कोणाची, ते कोणी विचारलं नाही.

वीसेक पावलं झाली आणि खुशी हात सोडवून मागे पळाली. परत आली ती चिमीला छातीशी धरून.

"आजी, झाली आंघोळ! पाह्य, आपल्याआपली आली!"

आशाबाईंचा चेहरा उतरला. दुसऱ्या खेपेला खुशीला आणखी आत नेलं. चिमी पुन्हा आली. तिसऱ्या खेपेला भगवंतरावांनी नातीचा हात आपल्या हातात धरून, बांधावरून गोफण फिरवावी तशी बाहुली भिरकावली. ती केसात शेवाळ अडकवून आली.

"दगड बांधू काय वो?" भगवंतरावांनी बायकोला हळूच विचारलं.

"बुडवाची नाई, न्याची आहे पाण्यानं! येवढं समजत नाई तुमाले."

शहाळी विकणारी एक बाई मघापासून कोयता बाजूला ठेवून बघत होती. तिला हसू आवरेना. "अहो आजोबा, भरती चढतेय. आता काय टाकाल ते परत येणार. ओहोटी लागू दे, पाच वाजता या. मग चप्पल गेली तरी मिळायची नाही."

"पाणी वापस येते म्हंजे?" भगवंतराव चिडले. "आमची वर्धा कधी वापस नाई आली!"

पण पाचापर्यंत थांबले. तिकडं खानावळीतला भात महाग आणि माशाचा वास मारणारा, म्हणून घरून आणलेल्या भाकरी ठेच्याशी खाल्ल्या. खुशीनं चिमीचे केस विंचरले, तिला फ्रॉकनं पुसलं आणि भाकरीचा घास भरवला.

"समुद्र लय चांगला आहे, आजी," ती म्हणाली. "दुसऱ्याची वस्तू ठेवत नाई."

आशाबाईंना घास लागला. पाणी पिऊन त्यांनी पाच वाजेपर्यंत विचार केला आणि नातीला खरं काय ते सांगून टाकलं. अर्धं.

"चिमीले दिलं त तुले भाऊ येईन."

"चपला देऊ? नव्या आहेत."

"चिमीच पायजे."

"ती वापस येईन न पण?"

आशाबाईंनी समुद्राकडे पाहिलं. पाणी बरंच मागे सरलं होतं. "सकाळी आली नाई काय तीन डाव?" त्या म्हणाल्या. "मंग?"

खुशीला पटलं. ती हसत हसत पाण्यात शिरली, चिमीला सोडलं आणि वर हातही हलवला. आजी-आजोबांनी पाठ फिरवली. खुशी मात्र तिथंच उभी राहिली, चिमी येताना चुकू नये म्हणून. सूर्य टेकला तरी हलेना. शेवटी भगवंतरावांनी तिला उचलून आणलं. रस्ताभर ती त्यांच्या खांद्यावरून मागेच बघत होती.

लॉजच्या खोलीत फोन गादीखाली होता. खाऱ्या हवेनं खराब होतो, असं भगवंतरावांना कोणीतरी सांगितलं होतं. तो वाजतच होता.

"बाबा, कुठं आहा तुमी?" खुशीचा बाप किशोर ओरडला. "दुपारपासून फोन लावून राहिलो! पोरगा झाला! अचानक कळा आल्या. बारा-चाळीसले झाला, दोघंबी मस्त आहेत."

भगवंतरावांनी बायकोकडे पाहिलं. बारा-चाळीसला चिमी फ्रॉकमध्ये गुंडाळून वाळत होती.

"पाच-चाळीस म्हणाला असन," आशाबाई ठामपणे म्हणाल्या. "तुमाले तसंबी कमीच आयकू येते." आणि पदर खोचून त्या गावातल्या बायांना एकेक फोन लावू लागल्या. चौथ्या फोनपर्यंत बाहुली सकाळच्या पहिल्याच लाटेनं नेली होती.

खुशी दारात चपला घालून उभी होती.

"आजी, भाऊ आला न? मंग चला, चिमीले आणू."

आशाबाईंना नातू मिळाला, भगवंतरावांना वारस आणि देवमनला पंचक्रोशीत नाव. समुद्रानं यातलं काहीच दिलं नव्हतं, पण त्याचा मोबदला खुशीनं हसत हसत भरून टाकला होता.