काट्याची दोन घरं

पोलादी चौकटीत जखडलेलं जेट इंजिन गरजायला लागलं आणि जाड काचेमागे सगळ्यांचे डोळे काट्यावर खिळले. इंजिन जागचं हलत नाही. पण मागच्या नोझलमधून तापलेली हवा जितक्या वेगाने बाहेर पडेल, तितका ते पुढे रेटा देतं, आणि तो किती ते काटा सांगतो. चार दिवसांपूर्वी काटा लाल खुणेच्या दोन घरं खालीच अडला होता.

साहेबांनी खापर फोडलं ते पात्यांवर. आत हवा दाबणारी ती पाती हाताने घासून गुळगुळीत करणारी बाई नवी होती. "माझाच हात चुकला असेल," म्हणत तिने सगळी पाती पुन्हा घासली. बोटांना पट्ट्या लावून.

नोझल बसवणाऱ्या मिस्त्रीला सगळे मामा म्हणत. त्याने काल जेवणाच्या सुट्टीत गुपचूप माप लावलं. नोझल केसभर जास्त उघडं राहिलं होतं. पाइपच्या टोकावरचं बोट सैल झालं की पाण्याची धार पायाशीच पडते, तसंच. चूक त्याची होती. कुणी बघत नाही असं पाहून त्याने पाना फिरवला. काटा चढेल, पोरगी सुटेल, आपणही नामानिराळे.

काटा चढला. बरोब्बर लाल खुणेला टेकला.

इंजिन थांबलं. बाईचा जीव भांड्यात पडला. साहेब मात्र तिच्याकडे वळले.

"म्हणजे दोष पात्यांचाच. आता तर सिद्धच झालं. तुमचा शिक्का द्या इकडे."

असंही होऊ शकतं, हे मामाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिने गळ्यातल्या दोरीचा तपासणीचा शिक्का काढून दिला. त्याच्याशिवाय उद्यापासून तिला काम नव्हतं. जाता जाता ती मामापाशी थांबली. "चार दिवस तुम्ही एकट्यानेच धीर दिलात, मामा. विसरणार नाही."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांनी चाचणीचा कागद पुढे सरकवला. "मामा, करा सही."

मामाने पेन उचललं, खाली ठेवलं. खिशातला पाना काढून कागदावर ठेवला.

"तिला थांबवा, साहेब. आणि इंजिन अजून एकदा चालवा. नोझल मी परत पहिल्या चाचणीएवढं उघडतो. तुम्ही फक्त काटा बघा."